फॉर्मवरचं आडनाव

९ जानेवारी, शुक्र.

साराची निवड झाली.

क्लिनिकमध्ये होते. कान तपासायच्या बूथमध्ये एक आजोबा हेडफोन लावून बसलेले. आवाज आला की बटण दाबायचं, तर ते आवाज नसतानाही दाबत होते. तेवढ्यात फोन. मंडळाच्या सुनेत्राताई. फेब्रुवारीअखेर त्यांचा भावगीतांचा कार्यक्रम आहे, त्याच्या निवेदनासाठी मुलींकडून आवाजाच्या क्लिपा मागवल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या लेकीची ऐकली आणि मग बाकीच्या ऐकायच्या म्हणून ऐकल्या. ळ किती स्वच्छ, ण किती स्वच्छ, हल्लीच्या मुलींना कुठे येतं. मग हसून, "अर्थात, जोगळेकरांच्या घरातला ळ. तो असणारच."

मीही हसले.

फॉर्म मी भरला होता. साराची परीक्षा चालू होती, शेवटची तारीख, म्हणून मीच. नाव: सारा जोगळेकर. फोन नंबर माझा. लग्नानंतरही मी जोगळेकरच राहिले, त्यामुळे अगदी खोटं असं नाही. पण सारा आधारकार्डावर, कॉलेजात, सगळीकडे सारा इद्रिस आहे. बापाचं नाव लावते.

घरी फॉर्मचं सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात. पण सांगितलं नाही एवढं खरं.

११ जानेवारी, रवि.

कात्रजहून दादाचा फोन. मंडळाची जाहिरात त्यानेच पाठवली होती. खूश. मी लग्न केलं तेव्हा चार वर्षं माझ्याशी न बोललेला माझा भाऊ आता भाचीचं कौतुक सगळ्या ग्रुपवर टाकतो. त्याला आडनावाचं सांगून टाकलं. "आपलं नाव लावलंस ते बरं केलंस. उगीच प्रश्न नकोत."

आपलं. म्हणजे त्याचं आणि माझं.

इद्रिस श्रीखंड आणायला खाली गेला. रविवार, तरी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. खराडीतच घर, खराडीतच ऑफिस, आणि हा माणूस कोथिंबीर आणायला जातानाही ते अडकवतो. मी कायम चेष्टा करते, की खार्टूमहून पुण्याला फार्मसी शिकायला आलास तो असा कंपनीभक्त होशील असं वाटलं नव्हतं. तोही हसतो. आज जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. का कोण जाणे.

श्रीखंड आंबट होतं. साराने दोन वाट्या खाल्ल्या.

१४ जानेवारी, बुध. संक्रांत

येरवड्याच्या आमच्या क्लिनिकमध्ये गर्दी. सणाला माणसं घरी येतात, घरातल्या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही हे तेव्हा लक्षात येतं, मग सगळे एकदम कानाचं मशीन घ्यायला.

एक बाई आल्या, सत्तरीच्या, सुनेबरोबर. प्रणाली त्यांना आत न्यायला गेली. प्रणाली माझी ज्युनिअर, भंडाऱ्याची, दोन वर्षं झाली येऊन. डिग्री माझ्याइतकीच, उलट नव्या मशीनचं माझ्यापेक्षा जास्त कळतं तिला. बाईंनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, एवढी भरून आण, आणि मॅडमना सांग आम्ही आलोय. प्रणालीने बाटली भरून आणली. मग मला येऊन सांगितलं, मॅडम, तुम्हीच घ्या त्यांना.

मी घेतलं. बाई म्हणाल्या, बघितल्या बघितल्या कळलं, डॉक्टर तुम्हीच.

नंतर प्रणालीला म्हटलं, तू लहान दिसतेस गं, म्हणून. ती "हो मॅडम" म्हणाली. मी तिच्या वयाची होते तेव्हा मला कुणी बाटली भरायला दिली होती का, हे आठवून बघतेय. आठवत नाही.

१८ जानेवारी, रवि.

पहिली तालीम. शहरात, मंडळाच्या हॉलवर. मी सोडायला गेले. सारा माझी मोरपंखी साडी नेसली होती. पदर दोनदा पिनअप केला, तिसऱ्यांदा माझा हात झटकला.

सुनेत्राताई दारातच. साठी उलटलेली, तुकतुकीत, बोलणं लोण्यासारखं. दोन्ही हात पुढे करून, या या, आणि आमची सारा कुठाय?

सारा माझ्या शेजारी उभी होती. हातात फाइल.

किती वेळ गेला असेल, दोन सेकंद. त्यांची नजर माझ्याकडून तिच्याकडे, परत माझ्याकडे. रंग, केस, ठेवण, सगळं इद्रिसचं घेतलंय साराने. माझं काहीच नाही, एक उंची सोडली तर. "अगंबाई. ही होय," म्हणाल्या. आणि मग इतक्या गोड झाल्या की मलाच कानकोंडं झालं. तिच्या केसांना हात लावून बघितला. तिला म्हणाल्या, मराठी किती छान बोलतेस गं तू.

सारा म्हणाली, "त्यासाठीच निवडलंत ना ताई."

बाकी तालीम उत्तम झाली. मी मागे बसून ऐकली. पेटीवाल्या काकांनी मान डोलावली.

परत येताना स्कूटर मी चालवत होते, सारा मागे. तिने विचारलं, त्या मला सारखं जोगळेकर का म्हणत होत्या. मी म्हटलं, फोन माझ्याशी झाला ना, माझ्या नावावरून समजल्या असतील.

म्हणजे आता खोटं बोलून झालं. सिग्नलला उभी असताना. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून सोपं गेलं.

२० जानेवारी, मंगळ.

सु. ताईंचा फोन. मला.

त्यांना एक कल्पना सुचली आहे. रंगमंचावर फक्त गायक आणि वादक ठेवायचे. मंद प्रकाश. निवेदन विंगेतून. नुसता आवाज, आकाशवाणीवर यायचा तसा. "साराचा आवाजच इतका सुंदर आहे, की चेहऱ्याची गरजच नाही."

मी विचारलं, दरवर्षी असंच असतं का. नाही म्हणाल्या, यंदाच सुचलं. बघा, तुम्हीच तिला समजावून सांगा, तुमच्या घरात कलेची जाण आहे.

मी म्हटलं, कल्पना छान आहे.

का म्हटलं मी असं? कुणी समोर गोड बोललं की माझ्या तोंडून छानच बाहेर पडतं. आणि खरं सांगायचं तर अर्धा मिनिट मला छान वाटलीही. आकाशवाणी वगैरे.

साराला सांगितलं. कला म्हणूनच सांगितलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग, "बरं."

२१ जाने.

साराचं ते 'बरं' डोक्यातून जात नाही.

२४ जानेवारी, शनि.

संध्याकाळी सारा आणि मी भाजी घेऊन आलो. ती चार पावलं पुढे. गेटवर नवा वॉचमन. तिला थांबवलं, कुठल्या फ्लॅटमध्ये, कुणाकडे, रजिस्टरमध्ये लिहा. ती लिहायला लागली. मी मागून पोचले, दोन्ही हातांत पिशव्या. त्याने मला सलाम केला आणि छोटं गेट उघडून धरलं. मला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, अहो, मुलगी आहे माझी. तो ओशाळला, सॉरी मॅडम म्हणाला. सारा तरी लिहीतच होती. फ्लॅट नंबर, वेळ, कोणाकडे या रकान्यात 'स्वतःकडे'.

लिफ्टमध्ये म्हटलं, नवीन आहे गं तो. एजन्सीने कालच पाठवलाय.

"नवीनच आहे. म्हणून तर म्हणते. नवीन माणसालासुद्धा तू ओळखीची वाटतेस. मी नाही वाटत."

चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्ट फार सावकाश जाते.

मी याला आजवर काय म्हणत आले? अज्ञान. गैरसमज. नवीन आहे, म्हातारी आहेत, शिकलेले नाहीत. प्रत्येक वेळचं कारण वेगळं, आणि प्रत्येक वेळी गेट माझ्यासाठी उघडं.

२५ जानेवारी, रवि.

इद्रिसला विंगेचं सांगितलं. तो त्याच्या अरबी कागदांत होता. तिकडच्या पेशंटांचे रिपोर्ट इंग्रजीत करायचं काम, रविवारीही संपत नाही. चष्मा काढला. म्हणाला, शिकायला आलो तेव्हा एका मालकाने खोली दिली होती. चांगला माणूस. फक्त म्हणाला, मागच्या जिन्याने ये-जा कर, पुढे आमचे पाहुणे बसतात. "दोन वर्षं मी मागच्या जिन्याने गेलो. जिना चांगला होता, वृंदा. स्वच्छ होता."

हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. विचारलं, आधी का नाही सांगितलंस. तर म्हणाला, तू त्या मालकाला भेटायला गेली असतीस. आणि तुझ्याशी तो फार छान बोलला असता.

मग आठवलं, लग्नानंतर आम्ही भाड्याची जागा कशी शोधायचो. मी एकटी जायची. एजंट मला ताई, ताई करत फ्लॅट दाखवायचा. इद्रिस खाली चहाच्या टपरीवर थांबायचा. करार झाला की मग नवरा म्हणून वर. आम्हाला ती युक्ती वाटायची. आम्ही हसायचो त्यावर, लोकांना गोष्ट सांगायचो.

मी सांगायचे. तो ऐकायचा.

२७ जानेवारी, मंगळ.

प्रणालीला दुपारी डबा खाताना विचारलं, की पेशंट तुझ्याशी वेगळं वागतात असं तुला वाटतं का. विचारायला फार वेळ लावला मी. दोन वर्षं.

ती आधी म्हणाली, जाऊ द्या नं मॅडम. मी परत विचारलं. मग शांतपणे सांगितलं: "तुम्ही बाहेर आल्या की लोक उठून उभे राहतात. मी आले की हातातलं सामान देतात."

वयामुळे, असं मी परत म्हणाले नाही. तिनेच सांगितलं, तिच्या जागी आधी जी मुलगी होती, कोथरूडची, ती तिच्याहून दोन वर्षांनी लहान होती. तिला कुणी बाटली दिली नाही. शिवाय आडनाव कळलं की काहींचा आवाज बदलतो, रंग तर आधीच दिसतो. मग म्हणाली, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही काही करत नाही.

हे तिने समजुतीने म्हटलं. मला मात्र दिवसभर दुसऱ्याच अर्थाने ऐकू येत राहिलं.

भेंडीची भाजी तशीच राहिली.

३१ जानेवारी, शनि.

आज कळलं तिला.

तालमीला एकटी गेली होती. तिथे पत्रिकेचा कच्चा छाप आला होता. निवेदन: सारा जोगळेकर. तिने सु. ताईंना सांगितलं, चूक झाली आहे, मी सारा इद्रिस. ताईंनी कपाटातून फॉर्म काढून दाखवला. अगं, तुझ्याच घरून आलाय.

माझं अक्षर. ती ओळखणारच. शाळेच्या वह्यांवर हेच अक्षर होतं.

घरी आली, चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी पोळ्या लाटत होते. म्हणाली, एकच विचारायचंय.

"माझा आवाज निवडला, की तुझं आडनाव?"

मी म्हटलं, आवाज. अर्थात आवाज.

"कशावरून?"

गॅस बंद केला. खरंच, कशावरून? सांगायला गेले, की क्लिप ऐकूनच फोन आला होता, ळ आवडला होता. आणि सांगता सांगता ताईंचं ते वाक्य आठवलं, जोगळेकरांच्या घरातला ळ. क्लिप आधी ऐकली की फॉर्म आधी वाचला, मला माहीत नाही. सारा इद्रिस असं लिहिलं असतं तर तोच ळ त्यांना तितकाच स्वच्छ ऐकू आला असता का, तेही माहीत नाही. आता कधीच कळणार नाही. ते मी घालवलं.

ती म्हणाली, "मी हरले असते तर निदान मी हरले असते."

आत गेली. दार आपटलं नाही. कडी लावली.

१ फेब्रुवारी, रवि.

सकाळी इद्रिसला सगळं सांगितलं. फॉर्म, दादा, सिग्नलवरचं खोटं. वाटलं होतं, चिडेल. किंवा दुखावेल आणि दाखवणार नाही.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, मला माहीत होतं. फॉर्म टेबलावर पडला होता त्या दिवशी, पाकिटात घालायच्या आधी. वाचला.

विचारलं, मग बोलला का नाहीस?

त्याने कप बशीत ठेवला. "मलाही वाटलं, लागेल काम. माझं नाव नसलं तर लागेल."

माणसाने आपल्याच मुलीच्या नावातून स्वतःला वगळलेलं वाचलं आणि फॉर्म होता तसा जागेवर ठेवला. तिच्या भल्यासाठी. आणि मी लिहिलं तेही तिच्या भल्यासाठीच. दोघेही तिच्या भल्याचे.

सारा दिवसभर खोलीत. जेवणाचं ताट इद्रिस घेऊन गेला. दोघं काहीतरी बोलत होते, मी गेले नाही.

२ फेब्रु.

अबोला. 'चहा ठेवलाय', 'किल्ली घेते', एवढंच.

४ फेब्रुवारी, बुध.

दुपारी दोन पेशंटांच्या मध्ये सु. ताईंचा नंबर काढला. काय बोलायचं तेही ठरलं होतं. फॉर्ममधली चूक माझी, नाव दुरुस्त करा, आणि साराला रंगमंचावरच बसवा, मी अगदी कळकळीने सांगतेय. त्या ऐकतील. माझं ऐकतात लोक. बँकेत, शाळेत, पोलीस व्हेरिफिकेशनला, रेशन ऑफिसात. मी गेले की काम होतं. घरात तशी म्हणच आहे, आईला पाठवा.

मग फोन न लावताच ठेवला. ते परत फॉर्म भरण्यासारखंच झालं असतं.

संध्याकाळी साराला हे सांगितलं, म्हणजे फोन करणार होते आणि केला नाही. चार दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, नको करूस. मी जाणारे शनिवारी, एकटी. तू सोडायलाही येऊ नको.

मी विचारलं, काय बोलणार आहेस. म्हणाली, अजून ठरलं नाही. ठरलं की सांगेनच असं नाही.

क्लिनिकमधली एक गोष्ट. प्रणालीच्या केबिनच्या दारावर तिचं नाव आणि डिग्रीची पाटी लावून घेतली. माझी आहे, तिची नव्हती. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. तिने पाटीकडे बघून 'थँक्यू मॅडम' म्हटलं. तासाभराने एका गृहस्थांनी पाटीखाली उभं राहून तिलाच विचारलं, डॉक्टर कधी येणार.

७ फेब्रुवारी, शनि.

सारा बसने गेली. साडी नाही, जीन्स आणि तिचा नेहमीचा पिवळा कुर्ता. साडेतीनला परत आली. सांगणार नाही म्हणाली होती, पण सांगितलं. चहा घेताना, तुकड्या तुकड्यांनी. आठवेल तसं लिहून ठेवते.

ताईंनी कॉफी केली. ही म्हणाली, दोन गोष्टी आहेत. पत्रिकेवर माझं खरं नाव हवं, आणि निवेदन दरवर्षीसारखं समोरून. जमणार नसेल तर मी नाही करणार.

ताईंना फार वाईट वाटलं. म्हणाल्या, अगं, मी तसली नाही. आमच्या मनात काही नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईलासुद्धा आम्ही आमच्याच कपात चहा देतो. विंगेची कल्पना खरंच कलात्मक म्हणून सुचली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. साराने पाण्याचा ग्लास दिला.

मी म्हटलं, नाटक.

सारा म्हणाली, "नाही आई. खरं होतं ते. त्यांना खरंच वाटतं की सहज सुचलं. तुला नाही का, फॉर्म भरताना सहज सुचलं."

हे लागावं म्हणून नव्हतं म्हटलं. म्हणून जास्त लागलं.

ताई म्हणाल्या, माझ्या एकटीच्या हातात नाही, समितीला विचारून कळवते. आमचे प्रेक्षक जुन्या वळणाचे, त्यांचाही विचार करावा लागतो. साराने विचारलं, कसला विचार. त्यावर त्यांनी कॉफीत साखर बरोबर आहे ना विचारलं.

आल्यावर ती बापाशेजारी जाऊन बसली. दोघं मॅच बघत होते.

८ फेब्रुवारी, रवि.

दादाचा फोन. त्याला कुठून तरी कळलंय. म्हणाला, एवढा मोठा मुद्दा करायची काय गरज होती, चांगली संधी. विंगेतून तर विंगेतून. आणि हे रंगाबिंगाचं आपल्याकडे नसतं, ते तिकडे अमेरिकेत.

पूर्वी मीही असंच म्हटलं असतं. म्हटलंय. इद्रिससमोर, जेवताना.

दादाला एवढंच म्हटलं, की तुझ्या घरी गणपतीला येतो तेव्हा तुझ्या सोसायटीत इद्रिसची गाडी तीन वर्षं रस्त्यावर लागते आणि माझी स्कूटर आत. तो म्हणाला, जागा नसते गं. वहिनी कशी आहे विचारून फोन ठेवला.

१० फेब्रुवारी, मंगळ.

सकाळी सु. ताई. परत मलाच. समितीची बैठक झाली, म्हणाल्या, तुम्हाला जरा समजावून सांगते.

मी म्हटलं, ताई, साराचा नंबर देते, तिच्याशीच बोला.

त्या म्हणाल्या, "तुमच्याशी बोलायला सोपं जातं हो."

मला ते कळलं. मलाही त्यांच्याशी बोलायला सोपंच जातं. एकाच शाळेतल्या असाव्यात तसं, न सांगता सगळं समजतं, कुठे थांबायचं, कशाला काय म्हणायचं नाही. त्या सोपेपणाचा मोह केवढा आहे हे आज पहिल्यांदा कळलं. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी त्यांनी सगळं सांगितलं असतं, आणि मी ते घरी आणून मऊ करून साराला वाढलं असतं.

नंबर सांगितला. त्यांनी दोन आकडे चुकीचे लिहून घेतले, परत सांगितला.

फोन ठेवल्यावर पाण्याचा अख्खा ग्लास प्यायले. एवढ्यासाठी. हसू आलं स्वतःचंच.

११ फेब्रु.

सारा म्हणाली, ताईंचा फोन येऊन गेला, विचार करतेय. मी पुढे विचारलं नाही. न विचारणं जमतंय अजून, दुपारपर्यंत तरी.

१२ फेब्रुवारी, गुरु.

सकाळी नाश्त्याला तिघं होतो. साराने स्वतःहून सांगितलं.

समिती तयार आहे. रंगमंचावर, समोर, माइकपाशी. साडी मंडळाच्या रंगाची. ताईंनी समितीत तिची बाजू लावून धरली, भांडल्यासुद्धा म्हणे. आणि ते खरं असणार.

फक्त पत्रिकेवर 'सारा' एवढंच छापायचं. आडनाव नाही. जोगळेकरही नाही आणि इद्रिसही नाही. ताई म्हणाल्या, हल्ली नुसतं पहिलं नाव फॅशनेबल दिसतं, आणि कुणालाच बोलायला जागा राहत नाही.

मी विचारलं, बाकीच्यांची?

"पूर्ण नावं आहेत. तबलजींची तर पदवीसुद्धा आहे."

पोहे कुणी खात नव्हतं. सारा म्हणाली, उद्या सकाळी पत्रिका छापायला जाते, त्याआधी सांगायचंय. मला कळत नाहीये. समोर उभी राहिले तर सगळे बघतील तरी, मग नावाचं काय एवढं. आणि नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी त्या कुणा इद्रिसची क्लिप ऐकतील का? पण हो म्हटलं, तर मीही तेच केलं, जे तुम्ही दोघांनी केलंत.

मग माझ्याकडे बघून, "तू काय केलं असतंस?"

खरं म्हणजे मला हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्यामुळे त्याचं उत्तर तयार करायची वेळच आली नाही. माझं नाव कुणी कधी अर्धं छापायला निघालं नाही. हे तिला सांगितलं, असंच. तिने मान हलवली. रागावली नाही.

मग तिने इद्रिसला विचारलं. तो ऑफिसला निघायच्या घाईत होता, बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "माझं नाव तीन अक्षरांचं आहे. पत्रिकेत जागा फार लागणार नाही." नाडी बांधून झाली. उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण आवाज तुझा आहे, माइक तुझा. मला चालेल, तू जे सांगशील ते."

तो गेला. सारा त्याच्या बशीतले पोहे संपवत बसली. ताईंना उद्या सकाळी दहापर्यंत कळवायचंय.